लाइन गेली तरी ड्रायव्हर पडू नये: लाइनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हर कोडची निगा कशी राखायची

लाइनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या कोडवर) काम म्हटलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: हे पुण्या-बंगळुरूचं काम, वणी-दारव्ह्याला बसून कसं होणार? मला उलटं वाटतं. जिनिंगवरचा धरमकाटा, बाजार समितीतला पोत्यांचा काटा, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, हे सगळं आपल्या दाराशी आहे आणि ते ज्या हालात चालतं ते हाल एसी लॅबमध्ये कोणाच्या केबलीला सोसावे लागत नाहीत. बिल चालू असताना लाइन जाते. मे महिन्यात पंखासुद्धा गरम हवा फेकतो. कापसाचा तंतू पोर्टात जाऊन बसतो. ड्रायव्हरच्या कोडमधला सगळ्यात कमी तपासलेला भाग म्हणजे ‘डिव्हाइस मधेच निघून गेलं तर’, आणि इथं तो रोज तपासला जातो. हार्डवेअर ज्याच्या हाताखाली आहे तोच ड्रायव्हरची निगा नीट राखू शकतो. बाकीचे नुसता कोड वाचून अंदाज करतात.

पुढचं सगळं समजायला सी भाषा यायला हवी आणि कर्नल एकदा तरी स्वतः कंपाइल केलेलं असावं. उदाहरणाला काट्याचा इंडिकेटर कॉम्प्युटरला जोडणारी यूएसबी-सिरियल केबल घेतली आहे. या केबलींच्या पोटात सीएच३४० नावाची चिनी चिप सर्रास सापडते आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये सीएच३४१ या नावाने आहे. फंक्शनांची आणि कमांडींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

कोड घरी आणणे

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ‘गिट क्लोन’ मारू नका. कर्नलचा पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे आणि गिटचं क्लोन मधे तुटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कर्नल डॉट ऑर्गवर याच अडचणीसाठी ‘क्लोन बंडल’ नावाची एक सलग फाइल ठेवलेली असते. ती ‘डब्ल्यूगेट’ला ‘सी’ पर्याय देऊन उतरवा. लाइन गेली, रेंज गेली, तरी राहिलेल्या जागेपासून पुढे चालू होतं. मग त्या बंडलवरून घरातल्या घरात क्लोन करायचं, रिमोटचा पत्ता बदलून लाइनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या झाडाचा (मुख्य कोडच्या गिट भांडाराचा) टाकायचा आणि एकदा ‘फेच’ करायचं. त्यानंतरचं रोजचं फेच हलकं असतं.

डेटा वाचवायला ‘डेप्थ १’चं उथळ क्लोन घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. एखादी ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली हे कळल्याशिवाय जुन्या ड्रायव्हरला हात लावता येत नाही, आणि ती माहिती इतिहासातच असते. विचित्र दिसणारी ओळ बहुधा कोणाच्या तरी मोडक्या हार्डवेअरसाठी टाकलेली असते. सीएच३४१ मध्येच पाहा: या चिपच्या काही प्रतींना सिरियलचा ‘ब्रेक’ सिग्नल पाठवताच येत नाही. म्हणून ड्रायव्हर प्रोबच्या वेळी (जोडलेलं डिव्हाइस ताब्यात घेताना) एक रजिस्टर वाचून पाहतो, वाचन फसलं तर ही चिप त्या जातीची असं धरतो आणि वेगळ्या वाटेने जातो. कारण न वाचता कोणी तो भाग ‘साफ’ केला, तर चांगल्या केबलींवर काहीच बिघडणार नाही, आणि कुठल्या तरी बाजार समितीतला काटा गप्प होईल.

कंपाइलचा वेळ वाचवायला ‘मेक लोकल-मॉड-कॉन्फिग’ वापरा. मशीनवर सध्या चढलेली मॉड्यूल तेवढीच निवडली जातात. फक्त आहे ती सगळी उपकरणं आधी जोडून घ्या, नाहीतर नेमकं हवं तेच मॉड्यूल वगळलं जाईल.

कोणाचा कोड आहे ते पाहणे

सोर्सच्या मुळाशी ‘मेंटेनर्स’ नावाची मोठी फाइल आहे. प्रत्येक भागाखाली मेंटेनर, समीक्षक, फाइलींची यादी आणि स्थिती दिलेली असते. स्थितीच्या ओळीकडे नीट बघा. ‘सपोर्टेड’ म्हणजे पगार घेऊन कोणी तरी पाहतंय, ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणी तरी पाहतंय, ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे सवड मिळाली तर, आणि ‘ऑर्फन’ म्हणजे वाली नाही. तुमच्याजवळ ते हार्डवेअर आहे आणि ड्रायव्हर ‘ऑर्फन’ किंवा ‘ऑड फिक्सेस’मध्ये आहे, तर शिरायला याहून चांगलं दार नाही. पॅच, म्हणजे तुमचा कोडमधला बदल, कोणाकोणाला पाठवायचा हे ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. ती सोर्सच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात आहे.

दोष ड्रायव्हरचा आहे का?

जिनिंगवरून फोन येतो: “भाऊ, लाइन आली पण काटा बोलून नाही राहिला.” इथं कोड उघडण्याआधी ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलचा लॉग, उघडा.

‘एरर उणे ७१’ दिसला तर तो प्रोटोकॉल एरर आहे. यूएसबीच्या तारेवरचं बोलणंच बिघडलं आहे. लांब केबल, ढिला पोर्ट, बिनपॉवरचा हब, खराब अर्थिंग यांपैकी काही तरी. ‘डिसेबल्ड बाय हब’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्हासकट ‘ईएमआय?’ अशी ओळ दिसली तर विद्युतचुंबकीय गडबडीचा संशय कर्नलच घेतोय. ओळींच्या वेळा मोटर सुरू झाल्याच्या वेळांशी जुळवून पाहा. जुळल्या तर पॅच नको, चांगली शील्डेड केबल आणि तारांची वेगळी वाट पाहिजे. असल्या जागी ड्रायव्हरमध्ये ‘पुन्हा प्रयत्न’ची ओळ घुसडणारे लोक असतात. त्याने रोग झाकला जातो.

कधी दोष तिसऱ्याचाच असतो. उबुंटू २२.०४ वर सीएच३४०ची केबल लावताच ‘टीटीवाय-यूएसबी-०’ तयार होऊन लगेच नाहीसं व्हायचं. कारण होतं ‘बीआरएल-टीटीवाय’, म्हणजे अंधांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेचं सॉफ्टवेअर. एका ब्रेल यंत्रातही हीच चिप असल्यामुळे त्याचा ओळख क्रमांक तोच, १ए८६:७५२३, आणि हा प्रोग्रॅम प्रत्येक केबलीला आपलं यंत्र समजून ताब्यात घ्यायचा. ड्रायव्हरमध्ये शोधत बसलं तर आठवडा जाईल; लॉगमध्ये मात्र त्या प्रोग्रॅमचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं.

दुसरा नेहमीचा घोळ: एकाच पीसीला दोन केबली, एक धरमकाट्याची, एक पोत्यांच्या काट्याची. लाइन जाऊन आली की शून्य आणि एक क्रमांक आपसात बदलतात आणि ट्रकच्या बिलात पोत्याचं वजन येतं. हाही ड्रायव्हरचा दोष नाही. स्वस्त केबलींना स्वतःचा सिरियल नंबर बहुधा नसतो, त्यामुळे ‘बाय-आयडी’ने दोघी सारख्याच दिसतात. ‘बाय-पाथ’ने, म्हणजे कोणत्या पोर्टात खोचली आहे त्यावरून, नाव पक्कं करा आणि पोर्टावर रंगाचा ठिपका द्या.

‘जुन्या कर्नलवर चालत होतं, नव्यावर नाही’ अशी तक्रार असेल तर मात्र काम आपलं. लिनसचा नियम कडक आहे: कर्नल बदलल्यामुळे चालू प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. अशा वेळी ‘गिट बायसेक्ट’. एका आवृत्तीतून दुसरीत जाताना दहा हजारांच्या वर बदल होतात, पण दर खेपेला निम्मे वगळत गेलं की साधारण १४ कंपाइलांत दोषी बदल हाती येतो. जुन्या मशीनवर हे रात्रीचं काम आहे. इन्व्हर्टर भरलेला ठेवा. दोष एका फोल्डरात आहे अशी खात्री असेल तर बायसेक्टला तेवढाच मार्ग द्या, फेऱ्या बऱ्याच कमी होतात.

डिस्कनेक्टची वाट

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

बिलाच्या प्रोग्रॅमने काट्याची फाइल उघडून ठेवली आहे. लाइन गेली. पीसी यूपीएसवर आहे, पण हबचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या साध्या प्लगात आहे. हब मेला, कर्नलच्या लेखी डिव्हाइस निघून गेलं, तुमच्या ड्रायव्हरचं ‘डिस्कनेक्ट’ फंक्शन बोलावलं गेलं. त्यात कोणी सरळ ‘के-फ्री’ करून मेमरी मोकळी केली, तर बिलाचा प्रोग्रॅम पुढच्या क्षणी ‘रीड’ करतो आणि ड्रायव्हर मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालतो. नशीब चांगलं असेल तर कर्नल तिथंच ओरडतो. वाईट असेल तर तासाभराने दुसरंच काही तरी बिघडतं आणि मूळ कारण कोणालाच सापडत नाही.

तोडगा म्हणजे मोजणी. ‘के-रेफ’ नावाचा मोजक स्ट्रक्चरमध्ये ठेवायचा. प्रोबमध्ये एक, प्रत्येक ओपनला एक वाढ, प्रत्येक क्लोजला आणि डिस्कनेक्टला एक घट. शून्य झाल्यावरच मेमरी मोकळी. डिस्कनेक्टमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून ‘गेलं’ अशी खूण करायची आणि रीड-राइटने हार्डवेअरला हात लावण्याआधी त्याच म्यूटेक्सखाली ती खूण पाहून ‘ई-नो-डेव्ह’ परत करायचं. हे सगळं नीट लिहिलेलं पाहायचं असेल तर कर्नलमध्येच ‘यूएसबी-स्केलेटन’ हा नमुना ड्रायव्हर आहे. सीएच३४१ सारख्या ड्रायव्हरना ही मोजणी करावी लागत नाही; ‘यूएसबी-सिरियल’चा सामाईक गाभा ती करतो. नवा ड्रायव्हर अशा गाभ्यावर बसत असेल तर बसवाच.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे ‘डेव्हएम’ची फंक्शनं. ‘डेव्हएम-के-झेड-अलॉक’ने घेतलेली मेमरी आपोआप परत जाते, म्हणून लोक ती डोळे मिटून वापरतात. पण ती परत जाते ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटल्यावर. शेवटची फाइल बंद होईपर्यंत ती थांबत नाही. प्रोग्रॅमने उघडी ठेवलेली फाइल ज्या स्ट्रक्चरकडे बोट दाखवते ते स्ट्रक्चर डेव्हएममध्ये असेल, तर वरचाच दोष मागच्या दाराने आत आला. ‘डेव्हएम वापरून कोड लहान केला’ असा पॅच समोर आला की मी पहिल्यांदा हेच तपासतो.

दुसरं, यूआरबी (यूएसबीवरून डेटा आणण्या-नेण्याची एक विनंती) पूर्ण झाल्यावरचं फंक्शन. ते इंटरप्टच्या संदर्भात धावतं, तिथं झोपायला मनाई. मेमरी मागायची तर ‘जीएफपी-अ‍ॅटॉमिक’ने, आणि म्यूटेक्स धरायचाच नाही. स्टेटस ‘ई-शटडाउन’, ‘ई-नो-एंट’ किंवा ‘ई-कॉन-रीसेट’ असेल तर गप्प परत जायचं, यूआरबी पुन्हा पाठवायची नाही. ‘ई-प्रोटो’ (वरचा उणे ७१) अवघड आहे, कारण केबल खरंच निघाली असली तरी हबला ते कळायला थोडा वेळ लागतो आणि तोवर याच एरर येत राहतात. ड्रायव्हर आंधळेपणाने यूआरबी पुन्हा पुन्हा पाठवत राहिला तर लॉग भरून वाहतो आणि पीसी गुदमरतो. काही एररनंतर थांबून, ‘डिलेड वर्क’ लावून थोड्या वेळाने पाठवा. मग डिस्कनेक्टमध्ये क्रम पाळा: आधी ‘यूएसबी-पॉयझन-यूआरबी’, नंतर ‘कॅन्सल-डिलेड-वर्क-सिंक’. पॉयझन झालेली यूआरबी कोणालाही पुन्हा पाठवता येत नाही, म्हणून मधे चुकून वर्क सुरू झालंच तरी काही बिघडत नाही. यूआरबीला फक्त ‘किल’ करून सोडली तर मधे सुरू झालेलं वर्क ती पुन्हा पाठवून बसतं.

जुन्या ड्रायव्हरमध्ये आणखी एक गोष्ट शोधा: कंट्रोल मेसेजसाठी स्टॅकवरचा बफर. हे नेहमीच चुकीचं होतं, पण चालून जायचं. २०१६ च्या शेवटी आलेल्या ४.९ कर्नलमध्ये स्टॅकची मेमरी वेगळ्या पद्धतीने द्यायची सोय झाली आणि असे ड्रायव्हर एकामागून एक उघडे पडले. ५.१० पासून ‘यूएसबी-कंट्रोल-मेसेज-रिसीव्ह’ आहे. ते बफरचं स्वतः पाहतं आणि अपुरा डेटा आला तर एरर देतं. जुनं फंक्शन अपुरा डेटाही यश म्हणूनच परत देतं, आणि मग वजनाच्या जागी मेमरीतला कचरा वाचला जातो.

तपासणीचा कर्नल

रोजचा कर्नल वेगळा आणि तपासणीचा वेगळा ठेवा. तपासणीच्या कर्नलमध्ये केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं), लॉकडेप (कुलपांच्या चुका पकडणारं) आणि ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ चालू करा. केएसॅन मोकळ्या मेमरीतला हात जागेवर पकडतं. त्यासाठी मेमरीचा आठवा हिस्सा खातं आणि मशीन मंद करतं, म्हणून असा कर्नल काट्याच्या खोलीत लावायचा नाही. एक टर्मिनल पोर्ट सतत वाचत राहू द्या आणि केबल ओढा. पुन्हा लावा. वाचत असताना, लिहीत असताना, प्रोब अर्धवट असताना ओढा. हात दुखले तर सिसएफएसमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथल्या) त्या डिव्हाइसच्या ‘ऑथराइज्ड’ फाइलीत शून्य लिहिलं की ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट चालतं; स्क्रिप्ट लिहून रात्रभर चालवा. तरी अधूनमधून खरी केबल ओढाच, कारण ‘ई-प्रोटो’चा तो मधला वेळ ऑथराइज्डने येत नाही.

यूएसबीवर नेमकं काय जातं-येतं ते पाहायला ‘यूएसबी-मॉन’ आहे, आणि त्याचा डेटा वायरशार्कमध्ये उघडतो.

पॅच

एका पॅचमध्ये एकच काम. दोष दुरुस्त करताना शेजारची स्पेस सरळ करू नका. वर्णनात आधी काय बिघडतं ते, मग का, मग तुम्ही काय केलं. दोष ज्या बदलाने आला त्याचा ‘फिक्सेस’ टॅग द्या, कमिटच्या पहिल्या १२ अक्षरांसकट. जुन्या कर्नलांनाही हवा असेल तर ‘सीसी स्टेबल’ (स्टेबल म्हणजे आधी निघालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांची शाखा). शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’: हा कोड द्यायचा मला हक्क आहे, अशी ती लेखी हमी आहे. कंपनीत काम करताना लिहिलेला असेल तर आधी साहेबांना विचारा.

‘चेकपॅच’ (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, पण त्याला देव मानू नका. ते सुचवतं, निर्णय तुमचा. ‘डब्ल्यू=१’ने कंपाइल करून वॉर्निंग पाहा. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने, ‘गिट सेंड-ईमेल’ किंवा ‘बी४’ने जातो. जीमेलच्या पानातून चिकटवला तर टॅबांचं वाटोळं होतं. उत्तर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्याआधी तगादा लावू नये. सुधारित पॅचवर ‘व्ही२’ लिहा आणि काय बदललं ते तीन डॅशांच्या खाली लिहा, म्हणजे ते कायमच्या इतिहासात जात नाही.

नुसता नवा ओळख क्रमांक घालायचा असेल तर आधी कंपाइल न करताच पाहता येतं: सिसएफएसमधल्या ड्रायव्हरच्या ‘न्यू-आयडी’ फाइलीत व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक लिहा. चाललं तर एका ओळीचा पॅच. पहिला पॅच म्हणून हाच करावा.

हंगाम आणि कर्नलचं वेळापत्रक

नवी आवृत्ती ९-१० आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे ‘मर्ज विंडो’, तेव्हाच नवीन गोष्टी आत जातात. पुढे चाचणीच्या आवृत्त्या, आरसी-१ पासून आरसी-७ किंवा ८ पर्यंत फक्त दुरुस्त्या. म्हणजे दसऱ्याला कापूस यायला लागल्यावर नवी सोय लिहायला घेतलीत तर ती अधिकृत कर्नलमध्ये येईपर्यंत हंगाम सरत आलेला असेल. दुरुस्तीचं तसं नाही. ती आरसीत जाते आणि मुख्य झाडात पोचली की तिथून स्टेबलमध्ये उतरते. स्टेबलची अट अशी की बदल आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत हवा. नवे ओळख क्रमांकही तिथं चालतात. म्हणून नव्या सोयी उन्हाळ्यात, दुरुस्त्या केव्हाही.

तोवर चुकारा अडू नये म्हणून सुधारलेलं मॉड्यूल ‘डीकेएमएस’ने लावून द्या. कर्नल बदलला की ते आपोआप पुन्हा कंपाइल होतं. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते, तेवढं पाहा. पण हा तात्पुरता ठेपा आहे. कर्नलच्या आतला इंटरफेस स्थिर राहील असं वचन कोणी दिलेलं नाही, आणि ते जाणूनबुजून. २०१७ मध्ये टायमरची मांडणी बदलली, ६.८ मध्ये स्ट्रिंगची नक्कल करणारं ‘एसटीआर-एल-सीपीवाय’ फंक्शन काढून टाकलं. आत असलेले ड्रायव्हर बदल करणाऱ्यानेच दुरुस्त केले. बाहेरच्या मॉड्यूलचे मालक सकाळी अपडेटनंतर लाल अक्षरं बघत बसले. कोड आत देऊन टाकला की या बदलांतली बरीचशी मजुरी दुसरे करतात. मग आपल्याला राहतं ते त्यांचे पॅच खऱ्या हार्डवेअरवर चालवून ‘टेस्टेड-बाय’ देणं. मेंटेनर लोक या एका ओळीची फार कदर करतात, कारण त्यांच्यापैकी अनेकांकडे ते हार्डवेअर नसतं. अशा यांत्रिक बदलांत क्लोज आणि एरर-वाटेची ‘गो-टू’ लेबलं तेवढी डोळ्यांत तेल घालून वाचा. बदल शेकडो फाइलींत एकदम झालेला असतो आणि चूक झाली तर तिथंच होते.

सोडताना

केबल बाजारातून गेली, काटे नेटवर्कवर आले, किंवा तुमचीच नोकरी बदलली, तर नाव तसंच ठेवून गायब होऊ नका. उत्तर न देणारा मेंटेनर असण्यापेक्षा ‘ऑर्फन’ बरा, निदान दुसरा कोणी पुढे येतो. हार्डवेअर पुढच्या माणसाला द्या. केबलीवर चिपची आवृत्ती आणि तिच्यात काय बिघडतं ते चिकटपट्टीवर लिहून. कोणीच वापरत नसेल तर ड्रायव्हर काढून टाकण्याचा पॅचही मेंटेनरच पाठवतो. आयएसडीएनच्या (टेलिफोनच्या जुन्या डिजिटल लाइनच्या) ड्रायव्हरांचा जुना ढीग असाच ५.३ मध्ये काढला गेला. काढण्याआधी एक-दोन आवृत्त्या ‘हे जाणार आहे’ असा इशारा लॉगमध्ये ठेवा, म्हणजे कुठल्या जिनिंगवर अजून चालू असेल तर तिथला माणूस आवाज देईल. आणि ‘मेंटेनर्स’मधून नाव काढून ‘क्रेडिट्स’ फाइलीत टाकायचा पॅच वेगळा पाठवा, दुसऱ्या बदलांत मिसळून नको.